रविवारी भाट्ये, रंग घेऊन या

मंडळी, या रविवारी सकाळी साडेसहाला रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात चित्रं काढायला जमायचंय, आणि साडेसहा म्हणजे साडेसहाच, नऊनंतर ऊन असं तापतं की वाळूकडे बघवत नाही. आल्या आल्या कागद काढू नका प्लीज. पहिली पंधरा मिनिटं नुसतं बसायचं, मोबाईल सायलेंट, फोटोपण नको, गाज ऐकत बघायचं की नजर सारखी कुठे जातेय, खाडीच्या तोंडाशी, होडीकडे की ओल्या वाळूत पडलेल्या आभाळाकडे, आणि मग तेवढंच काढायचं. अख्खा किनारा एका कागदावर कोंबायचा मोह होतोच, आवरा. पेन्सिलने आखत बसायचं नाही, थेट ब्रश. आपल्याकडच्या दमट हवेत वॉटरकलर लवकर सुकत नाही, कागदावरचं आकाश ओलं असताना सुरूची झाडं काढलीत तर हिरवं वर पसरणार, पसरू दे, कधीकधी तेच बरं दिसतं. जांभ्या दगडाला बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, सावलीत थोडा अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा. समुद्राचं पाणी रंगात घेऊ नका, मिठाचे डाग पडतात, घरून बाटली आणा. बोर्डाला क्लिपा हव्यातच, वाऱ्याचा भरवसा नाही. चित्रं कुणी तपासणार नाही. पोह्यांची सोय आहे, त्यासाठी कोण कोण येतंय ते शनिवारी रात्रीपर्यंत कळवा.