पहिला मान मुंबईचा

डोंबिवली
१५ जून २०२५

प्रिय दिग्या,

मीरा बास गिटार शिकतेय हे वाचून इतका आनंद झाला की सुमाला हाक मारून तुझा निरोप मोठ्याने वाचून दाखवला. पोरीने तुला विचारलं, "बाबा, तुम्ही आयर्न मेडनला समोर ऐकलंय का?" आणि या इंग्लिश हेवी मेटल बँडसाठी तू माझं नाव पुढे केलंस. बरं केलंस. फोनवर विचारलं असतंस तर "अरे काय सांगू, जबरदस्त" एवढं बोलून मी गप्प झालो असतो. म्हणून लिहितोय. सवडीने वाच आणि तिलाही दे.

लिहायचं डिसेंबरपासूनच मनात होतं. ७ डिसेंबर २०२४ च्या साओ पावलोच्या कार्यक्रमानंतर मेडनचा ड्रमवादक निको मॅकब्रेन दौऱ्यांतून निवृत्त झाला. यंदा बँडच्या पन्नाशीचा दौरा सुरू झालाय, ड्रमवर सायमन डॉसन आहे. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानात मी ज्या सहा जणांना पाहिलं – बासवर स्टीव्ह हॅरिस, गायक ब्रूस डिकिन्सन, गिटारवर डेव्ह मरे, एड्रियन स्मिथ व यानिक गर्स, आणि निको – ते सहाही जण मिळून आता दौऱ्यावर निघणार नाहीत. ती बातमी वाचली तेव्हा तूच आठवलास. त्या संध्याकाळी तू जहाजावर होतास, आणि तुझ्या वाट्याचं ऐकणं माझ्याकडे राहिलंय.

मेडनच्या भारतातल्या आठवणी निघाल्या की लोक आधी बंगळुरूचं नाव घेतात. १७ मार्च २००७, पॅलेस ग्राउंड्स. खरंच आहे, ते इकडे पहिल्यांदा आले ते तिथे, आणि देशभरातून माणसं लोटली होती. तिथे जाऊन आलेल्यांचा मला हेवा वाटतो. तरी मुंबईची रात्र मी वर ठेवतो, आणि ते काही मुंबईच्या अभिमानापोटी नाही. बंगळुरूला ते चालू दौऱ्यात आले. २००६ च्या अल्बमची गाणी आधीच अमेरिकेत, युरोपात वाजून झाली होती. मुंबईत मात्र नवा जागतिक दौरा उभा राहिला, 'समव्हेअर बॅक इन टाइम', आणि मानाचा पहिला कार्यक्रम आपला. ऐंशीच्या दशकातली गाणी वाजणार एवढं माहीत होतं. पण कोणती, कुठल्या क्रमाने, सुरुवात कशाने, हे जगात कुणीच ऐकलेलं नव्हतं. पुढचा कार्यक्रम ऑस्ट्रेलियात पर्थला होता. तिथल्या चाहत्यांना गाण्यांची यादी कळली ती आपल्याकडून.

याची किंमत तुला कळेल. रत्नागिरीत आपल्याला वेळेवर काय मिळालं होतं रे? 'लाइव्ह आफ्टर डेथ' हा मेडनचा कार्यक्रमांत रेकॉर्ड केलेला अल्बम १९८५ चा. तुझ्या मामेभावाने मुंबईहून भरून आणलेली कॅसेट आपल्या हाती लागली तोवर आपण दहावीत पोचलो होतो. १९९३ ला ब्रूस बँड सोडून गेला, ही बातमी आपल्यापर्यंत आली तीही शिळी होऊन. कॅसेट नव्वद मिनिटांची आणि अल्बम शंभराहून जास्त, त्यामुळे शेवटची गाणी तिच्यात मावलीच नव्हती. 'फँटम ऑफ द ऑपेरा' समोर लोक असताना कसं वाजतं ते मी नोकरीला लागल्यावर ऐकलं. आणि ब्रूसची ती आरोळी! "स्क्रीम फॉर मी, लाँग बीच!" लाँग बीच कॅलिफोर्नियात आहे, मार्च १९८५ मध्ये बँडने तिथे चार रात्री वाजवलं आणि ते रेकॉर्डिंग अल्बमवर आलं, हे सगळं मागाहून वाचलं. तेव्हा आपण मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्राकडे तोंड करून तीच आरोळी ठोकायचो.

तर २००८. शुक्रवार होता. ऑफिसात अर्धी रजा टाकली आणि कुर्ल्याला उतरलो. रिक्षा मिळेना म्हणून चालत सुटलो, तर मिठी नदीच्या पुलापर्यंत सगळा रस्ता काळ्या टी-शर्टांनी भरलेला. संकुलात तेव्हा मोकळे प्लॉट बरेच होते, सगळीकडे धूळ. रांगेत माझ्यापुढे शिलाँगहून गाड्या बदलत आलेली पोरं, मागे कोल्हापूरचे दोघे भाऊ. शेजारी पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ होते. १९८० मध्ये 'द पोलिस' हा बँड धोबीतलावच्या रंगभवनात वाजला तेव्हा ते तिथे होते. पुढे 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सवही त्यांनी तिथेच ऐकला, आणि मग शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनातलं हे सगळं थांबलं. "या शहरात रॉक ऐकायला हक्काची जागा उरली नाही," असं ते म्हणाले. रंगभवन गेल्याचं दुःख मलाही आहे. चांगली उघड्यावरची जागा, मधोमध शहरात, आणि तिच्या तोडीचं आजही काही उभं राहिलेलं नाही.

अंधार पडला आणि स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं. ते वाजलं की मेडन मंचावर यायची वेळ झाली, हे जाणत्यांना ठाऊक असतं. शिलाँगची पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढली. मग दिवे गेले, आणि दिग्या, चर्चिलचा आवाज आला! १९४० चं ते भाषण, आपल्या कॅसेटची पहिली बाजू ज्याने सुरू व्हायची तेच. ते कानांवर पडलं आणि मला कळलं की पुढे 'एसेस हाय'. ते त्याच क्षणी माझ्या आजूबाजूच्या हजारोंना कळलं. ते असं ओरडले की भाषणाचं शेवटचं वाक्य मला ऐकूच आलं नाही.

'एसेस हाय' हे १९४० मध्ये इंग्लंडच्या आभाळात लढलेल्या वैमानिकांचं गाणं. ते गाणारा माणूस बँडचं विमान स्वतः चालवत लंडनहून मुंबईला आला होता. बोईंग ७५७, शेपटावर बँडचं बोधचिन्ह असलेल्या एडी या राक्षसी आकृतीचं चित्र, मागच्या रांगा काढून तिथे बारा टन सामान भरलेलं. त्या पहिल्या टप्प्यात ४५ दिवसांत २३ कार्यक्रम त्यांनी त्याच विमानातून केले. 'फ्लाइट ६६६' या माहितीपटासोबत जी गाणी आली, ती प्रत्येक वेगळ्या शहरातली आहेत. त्यात 'एसेस हाय' मुंबईचं आहे. मीराला ते आधी दाखव. मी इथे कितीही लिहिलं तरी ती गर्दी तिने स्वतः पाहायला हवी.

आणि मग ब्रूस ओरडला. "स्क्रीम फॉर मी, मुंबई!"

मला पुढचं काही क्षण दिसेनासं झालं. डोळे भरून आले होते. कोल्हापूरच्या मोठ्या भावाने माझा खांदा घट्ट धरला होता, आम्ही एकमेकांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. 'लाँग बीच'च्या जागी आपल्या गावाचं नाव ऐकायची पंधरा वर्षांच्या पोरांची इच्छा इतकी खरी असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं. तुला सांगतो, १९८४ मध्ये ज्या दौऱ्यातून 'लाइव्ह आफ्टर डेथ' निघाला तो दौरा त्यांनी पोलंडमध्ये, वॉर्सात सुरू केला होता. तेव्हा पोलादी पडद्याआड पाश्चात्त्य बँड फारसे जात नसत. म्हणून त्यांनी मुंबई निवडली यात मला योगायोग दिसत नाही. जिथे लोक वाट पाहून थकलेत तिथे आधी जायचं, ही या बँडची जुनी रीत आहे.

'वेस्टेड इयर्स' लागलं तेव्हा तुझी फार आठवण आली. एड्रियन स्मिथचं गाणं, घरापासून लांब दिवस काढणाऱ्या माणसाचं. तू त्या वेळी कुठल्या समुद्रात होतास?

पण रात्रीचं मुख्य गाणं 'राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर'. कोलरिजची १७९८ ची कविता, अल्बाट्रॉस पक्षी मारणाऱ्या खलाशाची, आणि तिच्यावर हॅरिसने रचलेलं तेरा मिनिटांचं गाणं. वीसेक वर्षं त्यांनी ते मंचावर वाजवलं नव्हतं. आपल्यापैकी कुणाला ते प्रत्यक्ष ऐकायला मिळेल असं वाटलंच नव्हतं. सुरुवातीचे सूर ओळखल्यावर मैदानात ओरडा कमी झाला आणि लोक अक्षरशः ऐकायला लागले. मधे ती जागा येते ना, जिथे सगळी वाद्यं थांबतात, जहाजाच्या लाकडाची करकर ऐकू येते आणि बास एकटा हळूहळू चालत राहतो? उघड्या मैदानात, हजारो माणसांत, ती करकर स्पष्ट ऐकू येत होती. मंचाकडे पाठ करून कुणी बोलत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. मग ड्रम परत आले, तिन्ही गिटार एकत्र चढल्या, आणि रंगभवनवाले गृहस्थ दोन्ही हात वर करून रडत होते. संगीत असं सावकाश, तेरा मिनिटं घेऊन, लोकांना हातात धरून न्यायचं धाडस फार थोडे बँड करतात. पहिल्या गाण्यापेक्षाही मी हेच वरचं मानतो.

'फिअर ऑफ द डार्क'बद्दल थोडंच लिहितो, ते तू पडद्यावर पुष्कळदा पाहिलंयस. सगळ्या यादीत ऐंशीच्या दशकानंतरचं हे एकच, १९९२ चं. त्यात गिटारची धून लोक गातात, शब्दांशिवाय. माझ्यापुढची शिलाँगची पोरं, कोल्हापूरचे भाऊ, मी, सगळे एका सुरात होतो. 'आयर्न मेडन' हे बँडच्याच नावाचं गाणं वाजताना एडी मंचावर चालत आला आणि लहान मुलांसारखी सगळी मोठी माणसं उड्या मारू लागली. शेवट 'हॅलोड बी दाय नेम'ने झाला. रात्री दहाची मर्यादा पाळावी लागते, त्यामुळे वेळेवर संपलं. कुर्ल्याच्या फलाटावर परत तीच काळी गर्दी, आणि धिम्या लोकलमध्ये ठाण्यापर्यंत गाणं चालू होतं.

आता मीरासाठी. हॅरिस पिक वापरत नाही हे तिला माहीत असेलच, सगळं बोटांनी वाजवतो. 'द ट्रूपर'मध्ये बासवर घोडदळाच्या टापा ऐकू येतात, कारण गाणंच १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या घोडदळाचं आहे. पण त्याने सुरुवात करू देऊ नकोस, वेग फार आहे, मनगट दुखेल आणि ती कंटाळेल. 'राथचाइल्ड' या गाण्याची सुरुवात आधी बसव. तिथे बास एकटाच पुढे येतो, चूक झाली की लगेच कळते. ते जमलं की मला फोनवर ऐकवायला सांग, रात्री कितीही वाजता.

तू सप्टेंबरात उतरतोयस ना? दोन दिवस काढून डोंबिवलीला ये, 'फ्लाइट ६६६' माझ्याकडे आहे.

तुझा,
नंदू