एप्कॉटच्या फ्रान्समध्ये जेवायला तासभर तरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिका सहलीवरचा लेख वाचला. 'थीम पार्कमधलं फ्रेंच जेवण म्हणजे नुसता देखावा, शाकाहारी माणसाने तिकडे फिरकूही नये' हे लेखकाचं म्हणणं काही पटलं नाही. मी ठाण्यात पोळी-भाजी केंद्र चालवते, त्यामुळे कुठेही गेलं की आधी माझी नजर तव्याकडे जाते.

ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमधलं एप्कॉट 1982 साली सुरू झालं. तिथे तळ्याकाठी अकरा देशांची दालनं आहेत. (भारताचं नाही!) फ्रान्सच्या दालनातला आयफेल टॉवर खोटा, हे मान्य. पण 'ले शेफ द फ्रान्स' हे रेस्टॉरंट काढलं पॉल बोक्यूज, रोजे व्हेर्जे आणि गास्तों लनोत्र या तीन फ्रेंच शेफनी. यातल्या बोक्यूज यांच्या लिओंजवळच्या रेस्टॉरंटला 1965 पासून मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे तिथला सर्वोच्च दर्जा, होते. वरच्या मजल्यावरच्या 'मस्यू पॉल' या रेस्टॉरंटला त्यांचंच नाव दिलंय. वाढणारी मुलं बहुतेक फ्रान्सहून आलेली, छातीवरच्या पट्टीवर नावाखाली गाव लिहिलेलं. याला देखावा म्हणायचं तर मुंबईतल्या निम्म्या 'कॉन्टिनेन्टल' हॉटेलांना काय म्हणायचं?

मला सगळ्यात आवडली ती 2021 साली उघडलेली क्रेपरी, म्हणजे क्रेप या पातळ फ्रेंच धिरड्यांचं ठिकाण. खिडकीतला मुलगा गोल, सपाट तव्यावर पीठ ओतायचा आणि लाकडी दांडीने एका फेऱ्यात कडेपर्यंत पसरवायचा. नुसतं मनगट फिरे, कोपर जागचं हलत नसे. कड सुटली की लांब उलथनं सरकवून घडी. गोड क्रेप मैद्याची. तिखटमिठाचं गॅलेट मात्र कुट्टूच्या (बकव्हीट, यात गहू नसतो) पिठाचं, फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं. चांगलं खरपूस, आंबोळीसारखी जाळी पडलेलं. पालक आणि शेळीच्या दुधाचं चीज घातलेलं मी खाल्लं. पोट भरलं, आणि ज्यांना गव्हाचं चालत नाही त्यांचीही सोय झाली. (पण तवा वेगळा आहे का, ते विचारून घ्यावं.)

हे सगळं आम्हाला मुलाबरोबर दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मिळालं. आधी आलो होतो ते आपल्याकडच्याच एका सहल कंपनीबरोबर. मार्गदर्शकाने फ्रान्सला जेमतेम अर्धा तास दिला. 'फोटो काढा आणि चला, जेवायला जायचंय.' जेवण कुठे, तर पार्कबाहेरच्या भारतीय हॉटेलात पनीर आणि जिरा राईस. बागेच्या प्रवेशाचे भक्कम पैसे भरलेले, रात्रीची आतषबाजीही बुडाली. गटातल्या एक आजी म्हणाल्या, 'अहो, पनीर काय, आम्ही डोंबिवलीतही खातो.'

शाकाहाऱ्यांनी सांभाळावं लागतं, हे खरंच. कांद्याचं सूप निरुपद्रवी वाटतं, पण ते परंपरेने गोमांसाच्या स्टॉकमध्ये (उकळून काढलेल्या पाण्यात) करतात. किश लोरेन या अंड्याच्या खाऱ्या पायमध्ये बेकन, म्हणजे डुकराचं मांस असतं. बऱ्याच जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट पडतं. वाढणाऱ्याला स्पष्ट विचारावं, कोणी तोंड वाकडं करत नाही. दर चढे आहेत, आणि टेबल आधीच आरक्षित केलेलं बरं, ऐनवेळी ताटकळत बसावं लागतं. तेवढा खर्च नको असेल तर खिडकीतून क्रेप घेऊन तळ्याकाठी उभ्याने खावी. नुसती लोणी-साखरेचीही मिळते.

सहल कंपन्यांना एवढंच सांगणं आहे, की एप्कॉटच्या दिवशी रात्रीचं सामूहिक जेवण ऐच्छिक ठेवा. ज्यांना वरण-भातच हवा त्यांना घेऊन जा. बाकीच्यांना त्या जेवणाचे पैसे परत द्या आणि बस किती वाजता, कुठल्या फाटकाशी लागणार ते सांगा.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)