सोलांच्या पिशवीतलं पत्र

पाळी (गोवा), जूनचा दुसरा आठवडा

चि. समीर यास,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलास, जेवलास, आईच्या कानात सगळं घातलंस आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता वेर्ण्याला परत गेलास. मला कळलं ते ती भांडी घासत असताना: "पोराला पोकलेन शिकायचाय." फोन करणार होतो. पण आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे तू "हं" म्हणायचं, मी "हं" म्हणायचं आणि पावसाची चौकशी करून ठेवायचं. म्हणून लिहितोय. पत्र आई सोलांच्या, म्हणजे आमसुलांच्या, पिशवीत घालील. डाग पडले तर सोलांचे समज.

मी ओरडेन असं तुम्हा दोघांना वाटलं. का ओरडू? आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकून तू कंत्राटावर खोके चिकटवत बसलायस, त्यापेक्षा हे बरं. माझी तक्रार वेगळीच आहे. तू म्हणे आईला म्हणालास, "दोन महिन्यांत हात बसतो." हात बसतो रे. माझाही बसला होता. पुढचं ऐक.

1998 साली मी खाणीवर लागलो तो हेल्पर म्हणून. ग्रीस गन, चिंध्या, डिझेलचे कॅन, एवढंच माझं जग. सहा वर्षांनी सीट मिळाली, तीही ऑपरेटरला कावीळ झाली म्हणून. त्यानंतर मात्र मी सीट सोडली नाही. डोळे मिटून आवाजावरून सांगायचो, पंपावर लोड येतोय की नुसता फिल्टर चोंदलाय. मग सप्टेंबर 2012 मध्ये गोवा सरकारने खाणी थांबवल्या आणि महिनाभरात सुप्रीम कोर्टाचाही हुकूम आला. 2014 मध्ये बंदी उठली, वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून. थोडी धुगधुगी आली. पण कोर्टाने 88 लीजांचं, म्हणजे खाणपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्च 2018 ला परत सगळं ठप्प. तू तेव्हा आठवीत होतास. शेजारच्यांचा टिपर अंगणात उभा राहून चाकांत गवत उगवलेलं तुला आठवत असेल. त्यांचे हप्ते चालू होते, टिपर चालू नव्हता. आपल्याकडे निदान कर्ज नव्हतं.

त्यानंतर मी एका मोठ्या कामावर ट्रायल द्यायला गेलो. फोरमनने मशीन दिलं, चर मारायला सांगितला. मारला. टिपर भरायला सांगितला. भरला. तो खूश. मग ऑफिसातल्या पोराने विचारलं, "सर्टिफिकेट? अनुभवाचा दाखला?" माझ्याकडे होतं काय, तर हात. खाणीवरच्या कंत्राटदाराच्या मस्टरवर मी शेवटपर्यंत हेल्परच होतो. पगार ऑपरेटरचा मिळत होता, म्हणून मी कधी बोललो नाही. ते काम माझ्या निम्म्या वयाच्या एका मुलाला मिळालं. त्याच्या खिशात प्लास्टिकचं कार्ड होतं. राग त्याच्यावर नाही आला, स्वतःचाच आला.

तेव्हा तुझ्या दोन महिन्यांचं म्हणशील तर असं कर. जिथे शिकशील तिथून कागद घे. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल म्हणून संस्था आहे, ती बॅकहो लोडर (आपला जेसीबी) आणि एक्स्कॅव्हेटरच्या (आपला पोकलेन) ऑपरेटरांसाठी सर्टिफिकेट देते. ते मिळव. खाणीवर लागलास तर व्हीटी, म्हणजे व्होकेशनल ट्रेनिंग झाल्याशिवाय आणि डॉक्टरी तपासणी झाल्याशिवाय आत जाऊ नकोस. नियमच आहेत तसे. आणि दोन्हींच्या झेरॉक्स तुझ्याकडे ठेव. कंत्राटदार म्हणेल, "आमच्या फायलीत आहे." त्याची फाईल त्याच्याबरोबर जाते.

आता मशीनचं. ट्रायलला बोलावतील तेव्हा थेट सीटवर चढू नकोस. एक फेरी मार. खाली तेल गळलंय का बघ, डिपस्टिक काढ, हायड्रॉलिकची पातळी बघ, चेनचा ताण बघ, बकेटचे दात आणि पिना बघ. पिनेभोवती ताजं ग्रीस नसेल तर समज, या साइटवर मशीनला कोणी विचारत नाही, उद्या तुलाही विचारणार नाहीत. फोरमन कुठे उभा असतो माहीत आहे? चहाच्या टपरीजवळ, पाठ करून. पण तो बघत असतो. मशीनकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून चढलास की अर्धी परीक्षा झाली.

दुसरं, लिव्हर हातात घेतल्यावर आधी हळू हलवून बघ. सगळ्या मशीनचा पॅटर्न एक नसतो. काहींत डाव्या हाताला फिरवणं आणि आर्म (बकेटकडचा पुढचा हात), उजव्याला बूम (केबिनकडचा मोठा हात) आणि बकेट. काहींत बूम आणि आर्मची अदलाबदल असते. सवयीने झटकन ओढलंस तर आर्मऐवजी बूम येतो आणि समोर माणूस उभा असेल तर संपलंच.

टिपर भरताना बकेट केबिनवरून फिरवायची नाही, मागच्या बाजूने आणायची. पहिल्या दोन बकेटी बारीक माल हळू सोडायचा, गाडीच्या तळाला बिछाना होतो. दगड त्यावर. ड्रायव्हर तुझं नाव विचारायला लागला की समज, बरं भरतोयस. चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीला खालून पोखरू नकोस. लवकर भरतं म्हणून सगळे करतात. मीही केलंय. एकदा वरचा कडा सुटला आणि बूमवर बसला. काच फुटली, मी वाचलो. आईला हे माहीत नाही. आता कळेल, कारण पत्र आधी तीच वाचणार.

बंद करताना बकेट जमिनीला टेकव, लॉक लिव्हर टाक, इंजिन तीन-चार मिनिटं मंद चालू दे, मग किल्ली. टर्बो निवायला वेळ लागतो. घाईत किल्ली फिरवणारा ऑपरेटर मला बघवत नाही.

हे सगळं तू शिकशीलच. जे शिकवत नाहीत ते सांगतो.

एकदा गावात नळाची पाइपलाइन टाकायचं काम होतं, मी जेसीबीवर. सुपरवायझर म्हणाला, "खाली काही नाही, मार." एक म्हातारी घागर घेऊन उभी होती, ती म्हणाली, "अरे पुता, हांगासर पायप आसा", म्हणजे इथे पाइप आहे. सुपरवायझरकडे नकाशा होता, म्हणून मी नकाशाचं ऐकलं. पाण्याचा फवारा माडाच्या शेंड्याला लागला. एप्रिल महिना, दोन दिवस वाड्याला पाणी नाही. म्हातारी काही बोलली नाही, नुसती रिकामी घागर घेऊन रोज माझ्यासमोरून जायची. आता कुठेही बकेट लावण्याआधी मी जवळच्या घरात विचारतो. वर विजेची तार आहे का तेही बघतो.

गोव्यात आणखी एक भानगड आहे ती डोंगराची. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, रात्रीचं कोणी म्हणेल, "थोडं सपाट करून दे, बाटा (भत्ता) डबल." नाही म्हण. नगर नियोजन कायद्याच्या 17 अ कलमाखाली डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला आधी परवानगी लागते. परवानगीचा कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय डोंगराला हात नाही. नाहीतर मशीन जप्त होतं, मालक फोन उचलत नाही आणि ठाण्यात बाकावर बसतो तो ऑपरेटर. रेतीचंही तसंच. रात्री नदीवर मशीन न्यायला सांगणारा माणूस दिवसा तुला ओळख देणार नाही.

डिझेलचंही सांगून टाकतो. टाकीतून पाच लिटर काढून विकणारे तुला भेटतील, चांगले ऑपरेटर असतील, तुझे मित्र होतील. आवरमीटर, म्हणजे मशीन किती तास चाललं ते दाखवणारं मीटर, आणि डिझेल यांचा हिशेब मालकाला तोंडपाठ असतो. तो बोलत नाही इतकंच. पुढच्या पावसाळ्यात कोणाला घरी बसवायचं हे तो त्यावरूनच ठरवतो.

आणि पावसाळा म्हणजे अर्धा पगार, हे गृहीत धर. जून ते सप्टेंबर मातीकाम जवळजवळ बंद. मशीन झाकून ठेवतात, ऑपरेटरला गावी पाठवतात. त्या चार महिन्यांत तुझं मेकॅनिकपण कामाला येईल. तुझ्या वयाच्या किती ऑपरेटरांना होज (तेलाची रबरी नळी) बदलता येतो? सीटवर बसणारा आणि खाली पाना धरणारा एकच माणूस असेल तर मालक त्याला पावसातही ठेवतो. म्हणून आयटीआय वाया गेलं असं परत म्हणू नकोस, मला लागतं ते.

गल्फचं नाव आईने काढलं, तू काढलंस का माहीत नाही. दोन वर्षं इथे हात मार, मग बघू. जायचं ठरलं तर एजंटाचा नोंदणी नंबर सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर तपासल्याशिवाय पासपोर्ट हातात द्यायचा नाही.

डिचोलीकडे 2024 पासून परत लोखंडाचं खनिज निघायला लागलंय, तू म्हणशील तिथेच लागतो. लाग. पण खाण हेच आयुष्य समजू नकोस, मी तसं समजलो होतो. रस्ते, पूल, चिरेखाणी, सगळीकडे मशीन आहे.

पिशवीत एक वही आहे, काकाच्या दुकानातली. पहिल्या पानावर मी रकाने आखलेत: तारीख, मशीन, आवरमीटर सुरू, आवरमीटर बंद, काय काम, साइटच्या माणसाची सही. पहिल्या दिवसापासून लिही, हेल्पर असलास तरी. सही मागायला लाजू नकोस.

तुझं लायसन्स कपाटातल्या डब्यात सापडलं, आईने जपून ठेवलंय. हलक्या वाहनाचं आहे, तारीख बघितली, आठ महिने झालेत. हायवा, म्हणजे मोठा टिपर, चालवायचा तर ट्रान्सपोर्टचं लागतं. वय 20 पूर्ण पाहिजे, ते तुझं आहे. पण हलक्याचं एक वर्ष जुनं पाहिजे. म्हणजे अजून चार महिने. तोवर पाऊसही सरेल.

तुझा,
बाबा