टोमॅटोच्या सरीत उतरलेल्या सर्वांचे आभार

शेतात येऊन आम्हाला कीड ओळखायला आणि आवरायला शिकवणाऱ्या तुम्हा सर्वांचे, नारायणगाव परिसरातल्या आम्हा टोमॅटो उत्पादकांच्या वतीने हे आभार. नावं घेऊ नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून घेत नाही.

फळ पोखरणारी अळी होतीच, त्यात 2014 साली पानं आणि फळं पोखरणारी टुटा नागअळीही राज्यात दिसली. दिसली अळी की मार फवारा, हीच आमची रीत. तुम्ही भर उन्हात सरीत उतरून आधी पानं उलटून बघायला शिकवलंत. कामगंध सापळ्यातले (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यातले) पतंग मोजा, वहीत लिहा, मगच पंपाला हात लावा, हे न कंटाळता सांगत राहिलात. मध्ये झेंडूच्या ओळी कशासाठी? अळीची मादी पतंग टोमॅटोऐवजी त्यावर अंडी घालते. एचएएनपीव्ही, म्हणजे अळीला रोग लावणारा विषाणू, संध्याकाळीच का फवारायचा? उन्हात तो विषाणू टिकत नाही. ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीची अंडी नष्ट करणाऱ्या चिमुकल्या मित्रकीटकांचं कार्ड, लावल्यावर कडक औषध मारलं तर मित्रकीटकच मरतात, हेही तेव्हाच कळलं. नुसता सल्ला दिला असता तर पटला नसता. तुम्ही कारणं दिलीत.

तोडणीच्या बायकांना एकत्र बसवून, फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही हे ज्या ताईंनी समजावलं, त्यांचे आभार तर किती मानावेत! विषाशी रोजचा संबंध त्या तोडणीच्या बायकांचा, आणि त्यांच्याशी आजवर कुणी बोललंच नव्हतं.

पुढच्या लागणीला नक्की या. सापळे आम्ही आधीच लावून ठेवू.