सरंजामाचे ते कागद लोकांना वाचू द्या : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन

स. न. वि. वि.

मी पालघर जिल्ह्यात मोडी लिपीचे वर्ग घेते. तलासरीकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याची आत्या सिल्वासाजवळच्या गावात दिली आहे. मध्यंतरी सरंजामाच्या कागदांचा धडा चालू असताना त्याने विचारले, "मॅडम, आत्याचं गाव पोर्तुगीजांना ज्या कागदाने दिलं, तो वाचायला मिळेल का?" मी त्याला तहाची तारीख सांगितली, सनदांची साले सांगितली. कागद दाखवू शकले नाही. म्हणून हे पत्र.

पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यातला हा तह पुण्याचा, 17 डिसेंबर 1779 चा. सवाई माधवराव पाच वर्षांचे होते, कारभार नाना फडणीसांच्या हाती होता आणि इंग्रजांशी युद्ध चालू होते. अशा वेळी गोव्याचे पोर्तुगीज इंग्रजांना मिळू नयेत, ही दरबाराची निकड. या मैत्रीपोटी दमणच्या बाजूची 12,000 रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना द्यायचे ठरले. इंग्रजांशी सालबाईचा तह झाला 1782 मध्ये. गावे मात्र त्यानंतर, 1783 आणि 1785 च्या सनदांनी पोर्तुगीजांच्या हाती पडली. आजची दादरा आणि नगर हवेली ती हीच.

पण 'दिली' म्हणजे नेमके काय दिले? मुलूख तोडून दिला, की नुसता वसूल खायला दिला? मोडी वाचणाऱ्याला हा फरक पहिल्या महिन्यात शिकवावा लागतो. सरंजामदार वसूल घेतो, धनीपण सरकारचे राहते. पावणेदोनशे वर्षांनी याच फरकावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दोन देश समोरासमोर उभे राहिले.

1954 च्या जुलैच्या उत्तरार्धात दादरा आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. गोमंतकाचे आणि महाराष्ट्राचे स्वयंसेवक त्यात होते, गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांच्यातलेच. पोर्तुगीजांच्याच ताब्यातल्या दमणहून तिकडे जाण्याची वाट भारताने अडवली, असा दावा पोर्तुगालने 22 डिसेंबर 1955 रोजी हेगला गुदरला. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा दावा लगेच कळेल. शेजाऱ्याच्या बांधावरून जाण्याच्या वहिवाटीचे तंटे प्रत्येक तालुक्यात असतात. हा तंटा दोन राष्ट्रांचा होता, एवढेच.

12 एप्रिल 1960 च्या निकालात 'जहागीर' आणि 'सरंजाम' हे आपले शब्द आहेत. मराठ्यांनी पोर्तुगीजांना वसुलाचा हक्क दिला, सार्वभौमत्व दिले नाही, असे न्यायालयाने मानले. अशा देणगीचा अर्थ मुलूख कायमचा तोडून देणे असा लावल्याचे एकही उदाहरण आपल्यापुढे आलेले नाही, असेही म्हटले. मराठी दप्तराच्या भाषेला एवढ्या मोठ्या न्यायासनापुढे एवढे वजन क्वचितच मिळाले असेल. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

मग पोर्तुगीज तिथले धनी झाले कसे? 1818 नंतर पेशव्यांच्या जागी इंग्रज आले. पोर्तुगीज तिथे मालकासारखे वागताना त्यांना दिसले आणि त्यांनी ते तसेच चालू दिले. माणसे आणि माल ये-जा करत राहिले. शस्त्रे आली की मात्र पत्रव्यवहार सुरू होई. 1878 च्या तहाने एकमेकांच्या हद्दीत सैन्य नेण्यावर बंधने घातली. 1940 मध्ये ठरले की दमण ते नगर हवेली रस्त्याने दहापर्यंत सशस्त्र पोलीस गेले, तर चोवीस तासांत इंग्रजांना कळवायचे, आणि दहाहून जास्त असतील तर आधी संमती घ्यायची. इतक्या बारकाव्याने लिहिलेल्या त्या व्यवहारातूनच न्यायालयाने वाट काढली. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वहिवाट आहे. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना ती नाही. हा दुसरा मुद्दा आठ विरुद्ध सात मतांनी ठरला. 1954 मध्ये वाट रोखण्यात भारताची चूक नव्हती, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी.

या सगळ्यात तिथली वारली, कोकणा, धोडिया आदिवासी माणसे कुठे आहेत? 12,000 रुपये ज्यांच्या शेतातून निघायचे ती हीच. सनद करताना त्यांना कोणी विचारले नाही, 1818 नंतरही नाही. मुक्तीनंतर सात वर्षे तिथला कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला आणि ऑगस्ट 1961 मध्ये प्रदेश भारतात रीतसर सामील झाला. आजही त्यांची अपिले मुंबई उच्च न्यायालयात येतात. बाजार, सोयरिकी, दवाखाना यांसाठी हद्द रोज ओलांडली जाते. आपल्या गावाचे कूळ सांगणारा कागद कसा दिसतो, हे पाहण्याचा त्यांचा हक्क पुण्या-मुंबईच्या संशोधकाइतकाच आहे.

पुराभिलेख संचालनालय आपल्या खात्याकडे आहे. माझे मागणे एकाच पुस्तकाचे आहे, तेही संकेतस्थळावर विनामूल्य. 1779 चा तह आणि 1783 व 1785 च्या सनदा, मोडी पानांच्या स्वच्छ छायाचित्रांसह. शेजारी बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर, त्याखाली पोर्तुगीज पाठ आणि त्याचे मराठी भाषांतर. जे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात नसतील, त्यांच्या नकला पणजी आणि लिस्बनहून मागवाव्यात, कारण पोर्तुगीज आणि मराठी पाठ शेजारी ठेवल्याशिवाय तंट्याचे मूळ दिसणार नाही. प्रस्तावना वारलीतूनही असावी.

मोडी वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत. वर्ग पुरा करणाऱ्या माझ्या मुलांना वाचायला खरे रुमाल (जुन्या कागदांची गाठोडी) मिळत नाहीत, म्हणून तीही शिकलेले विसरतात. लिप्यंतराचे काम त्यांना मानधनावर द्या. तपासून देण्याची जबाबदारी मी विनामोबदला घेते.

17 डिसेंबर 2029 रोजी या तहाला 250 वर्षे होतील. त्या दिवसापर्यंत हे पुस्तक तलासरीच्या वाचनालयात आणि सिल्वासाच्या शाळांत पोचावे, अशी कृपया व्यवस्था करावी.

आपली विश्वासू,
मोडी लिपीची एक शिक्षिका
जि. पालघर