दुधाच्या दाताची साक्ष

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘इतिहास इतिहासकारांवर सोडा, डॉक्टर-इंजिनिअरांनी त्यात लुडबुड करू नये’, अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र वाचलं. व्हॉट्सॲपवरच्या इतिहासाला ते वैतागले असतील, तर मी त्यांच्याच बाजूचा. पण मी शिरूरचा दातांचा डॉक्टर, आणि इनामगाव आमच्याच तालुक्यात, गप्प बसवेना.

घोड नदीकाठच्या तिथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली. आधीची चौकोनी, ऐसपैस; शेवटच्या काळातली बहुतेक लहान, गोल झोपड्या. गावाला उतरती कळा का लागली, हे नुसत्या भिंती कशा सांगणार? कोळसा झालेले जव नि मसूर वनस्पतीवाल्यांनी ओळखले. जनावरांच्या हाडांतून पाळीव कुठलं नि शिकारीचं कुठलं, हे प्राणिशास्त्रवाल्यांनी निवडलं. पाऊसमान घटलं, शेती आटली, शेळ्यामेंढ्या नि शिकारीवर भिस्त आली, हे पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांचं म्हणणं या सगळ्याच्या जोरावर उभं राहिलं.

आता माझ्या धंद्याचं. तिथं मेलेली लेकरं दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत. त्यांचे दुधाचे दात अमेरिकेचे जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी तपासले. दुधाच्या सुळ्यावर पुढच्या बाजूला कधीकधी बारीकसा खड्डा असतो. दुधाच्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं टणक कवच, आईच्या पोटातच तयार व्हायला लागतं. त्यामुळे बाळंतिणीची नि बाळाची आबाळ झाली, की तिची खूण तिथं राहू शकते. या दोघांनी त्या खड्ड्यांचा संबंध बदलत्या हवामानाशी नि खाण्याशी जोडून पाहिला. मी त्यांचा त्यावरचा लेख वाचला, तेव्हा दवाखान्यात समोर ऊसतोड कामगाराची चार वर्षांची मुलगी होती. खड्डा तस्साच. त्या दिवशी तिच्या आईला काय विचारावं, ते सुचेना.

अर्थात, दात तीन हजार वर्षांपूर्वीचा की परवाचा, हे मला नुसत्या दातावरून सांगता येणार नाही. ते मातीचे थर नि खापरं वाचणाऱ्यानंच सांगायचं. आणि खड्डा कसला, हे त्यानं मला विचारायचं.

पत्रलेखक कधी शिरूरला आले, तर दवाखान्यात अवश्य यावं. पडलेले काही दात मी डबीत जपून ठेवलेत. भिंगही आहे.

आपला,
एक दंतवैद्य, शिरूर (जि. पुणे)