अडत्याचा पुतळा

ॲडलेड (ऑस्ट्रेलिया), 20 एप्रिल

ती. आबाकाकांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर म्हणालात, अडत्याला सांगलीत कोण बरं म्हणतंय! इथे विद्यापीठाच्या एल्डर हॉलसमोर एका अडत्याचा पुतळाच उभा आहे. सर थॉमस एल्डर.

जन्म 1818 चा, गाव स्कॉटलंडमधलं किरकॅल्डी. 1854 मध्ये इकडे आले. पुढे भागीदार रॉबर्ट बार स्मिथ त्यांचे मेहुणेही झाले, म्हणजे पेढी घरचीच. धंदा तुमचाच, फक्त हळदीच्या जागी लोकर. मेंढीवाल्याला उचल द्यायची, माल आपल्याकडे वळवायचा, लंडनला विकून पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, वसुली. वॉलरू-मूंटाच्या तांब्याच्या खाणींत तर नफ्याचं नाव दिसण्याआधी 80 हजार पाउंड ओतले. तुम्ही कधीच हात आखडता घेतला असतात. मधल्या काळात इथल्या विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात दोनदा बसून झालं, 1863 पासून आणि 1871 पासून.

मला गंमत वाटली ती उंटांची. आतल्या रुक्ष मुलखात घोडे-बैल पाण्यावाचून टिकेनात. म्हणून 1866 च्या सुरुवातीला कराचीहून ब्लॅकवेल जहाजाने शंभरावर उंट पोर्ट ऑगस्टाला उतरवले, सोबत 31 उंटवाले. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात! खरूज येऊन बरेच उंट दगावले, उरलेल्यांची पैदास बेल्टानाला, एल्डर यांच्या मेंढ्यांच्या कुरणावर, झाली. 1873 मध्ये वॉर्बर्टन नावाचा शोधप्रवासी, एल्डर यांचेच 17 उंट घेऊन, वाळवंट ओलांडायला निघाला. पलीकडे पोचले दोन. बरेचसे वाटेत त्या मंडळींनीच खाल्ले. मालकाला हिशेब काय दिला असेल कोण जाणे.

लग्न केलं नाही. मृत्युपत्रात विद्यापीठाला 65 हजार पाउंड, चित्रसंग्रहालयाला 25 हजार.

उंटवाल्यांना मात्र इथे सरसकट ‘अफगाण’ म्हणत, मग तो बलुची असो की सिंधी. त्यांनी 1888-89 च्या सुमारास बांधलेली मशीद लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवर आहे, माझ्या बसच्या वाटेपासून जवळच. एल्डर यांच्या चोपड्या तुमच्या हाती लागल्या तर त्या 31 जणांची खाती आधी काढाल, ठाऊक आहे मला.

काकूंना नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं का ते कळवा.

तुमचा,
बाळू